किंडल घेण्याआधी

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

ॲमेझॉनचं ते ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, किंडल, घेऊ की पुस्तकंच आणत राहू, असं विचारलंस आणि खाली ‘यंदा तरी वाचन वाढवायचंच’ असंही लिहिलंस. खरं सांगू, मला त्या ‘तरी’चीच जास्त काळजी वाटली.

माझ्या किंडलमध्ये आज १४० पुस्तकं आहेत. पूर्ण वाचलेली २३. रात्री अकरा वाजता ४९ रुपयांत पुस्तक मिळतंय म्हटल्यावर बोट थांबत नाही, आणि घेतलं की अर्धं वाचून झाल्यासारखं वाटतं! कपाटाचीही तीच कथा म्हणा, फक्त तिथली धूळ डोळ्यांना दिसते.

तरी यंत्राची बाजू घेते, कारण ठाण्याहून सकाळची फास्ट पकडून उभ्याने जाणं मी पुष्कळ वर्षं केलंय. एक हात वरच्या कडीला, खांद्यावर पर्स, समोरचीची वेणी तोंडावर. अशात सातशे पानी कादंबरी उघडून दाखव. किंडल दोनशे ग्रॅमच्या आसपास, पान अंगठ्याने उलटतं. त्याच्या पडद्यात बारीक बारीक कुप्या असतात, त्यांत काळे-पांढरे कण. वीज मिळाली की कण वर-खाली होतात आणि मग वीज नसली तरी तसेच बसून राहतात. म्हणून चार्जिंग आठवडेच्या आठवडे पुरतं. आणि पडदा इतका संथ, की त्यावर रील धड चालायचंच नाही. मला विचारशील तर हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण.

मोबाईलवर वाचेन म्हणतेस, ते मात्र सोड. दुसऱ्या पानावर वरून मेसेज टपकतो आणि आपण थेट मावसबहिणीच्या डोहाळजेवणाच्या फोटोंत.

आता मराठीचं. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६च्या डिसेंबरपासून मिळू लागली, पण तुला हवं ते जुनं पुस्तक तिथे असेलच असं नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर कितीतरी पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, जरूर घे. मात्र जुन्या पुस्तकांची पीडीएफ म्हणजे बहुतेक वेळा पानांचे फोटो. सहा इंची पडद्यावर अक्षर मुंगीएवढं दिसतं. मोठं करावं तर ओळ पडद्याबाहेर जाते. अर्धी ओळ वाचायची, पान सरकवायचं, उरलेली वाचायची. मी असा एक चरित्रग्रंथ चाळीसाव्या पानावर सोडला आणि दोष लेखकाला दिला. पुढे तोच वाचनालयातून आणला आणि चार रात्रींत संपवला.

शिवाय विकत घेतलेलं ई-पुस्तक पुरतं आपलं नसतं. २००९मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल या इंग्रजी लेखकाची पुस्तकं ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. असो, रोज घडणारी गोष्ट नाही ही.

माझं वाचन खरं वाढलं ते वाचनालयाच्या पुस्तकात शेवटच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीमुळे. जांभळ्या शाईचा तारखेचा शिक्का. त्या तारखेला पुस्तक परत द्यायचं, आणि खिडकीतल्या बाई विचारणार, “कसं वाटलं?” न वाचता परत द्यायची लाज वाटायची. शिवाय आपल्याआधी ते कोणीतरी आठच दिवसांत परत केलंय, हेही त्या चिठ्ठीवर दिसायचं. किंडल आपल्याला कधी काही विचारत नाही.

तेव्हा इतक्यात काही विकत घेऊ नकोस. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून सुरू आहे आणि तू त्याच्यापासून रिक्षाच्या अंतरावर राहतेस. शनिवारी माझ्याकडे ये. येताना आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो आण, लागलेच तर जवळ असू देत. तुझं नाव घालून येऊ. परतताना माझं किंडल महिनाभर गाडीत वाचायला घेऊन जा. चार्जर जुन्या बारीक पिनचा आहे, तोही ने. आणि त्यातली ती ११७ पुस्तकं बघून आईला काही सांगू नकोस.

तुझी,
मावशी