विनानोंदणीची डर्ट बाइक की जुनी एक्सपल्स?

नागपूरच्या मनीषनगरात भाड्याने राहणारे आणि मिहानमधील एका खासगी कंपनीत नोकरी करणारे आमचे एक 32 वर्षांचे वाचक लिहितात की, त्यांना सुट्टीच्या दिवशी कच्च्या वाटांवर गाडी चालवण्याची मनापासून आवड आहे आणि त्यासाठी जुनी गाडी घ्यायची आहे. त्यांच्यासमोर दोन गाड्या आहेत. एक कावासाकी केएलएक्स 140, म्हणजे कच्च्या जमिनीवर चालवायची डर्ट बाइक, किंमत 2,25,000 रुपये, रस्त्यासाठी नोंदणी नाही. दुसरी 2022 ची हिरो एक्सपल्स 200 4व्ही, किंमत 1,15,000 रुपये, एमएच 49 क्रमांकाने रस्त्यासाठी नोंदलेली. हातात 62,000 रुपये पगार येतो, काटोलला आईवडिलांना पाठवायच्या पैशांसह घरखर्च 43,000 होतो, एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहा गुंतवणूक) 7,000 ची आहे, म्हणजे महिन्याला 12,000 उरतात. बँकेत 1,60,000 ची मुदत ठेव आहे. पहिली गाडी घेण्यासाठी ते 75,000 ठेवीतून आणि दीड लाख वैयक्तिक कर्जातून उभे करणार आहेत.

नमस्कार. आपली आवड खर्चिक आहे म्हणून ती सोडा, असे मी सांगणार नाही, कारण दर आठवड्याला पन्नास-पंचावन्न तास काम करणाऱ्या माणसाला रविवारची सकाळ स्वतःची वाटणे ही काही लहान गोष्ट नव्हे. मात्र पहिली गाडी आपण घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याचे कारण तिच्या किमतीपेक्षा तिच्या कागदपत्रांत आहे.

केएलएक्स 140 ही उत्तम गाडी आहे. वजनाला शंभर किलोच्या आसपास, नवशिक्याला शिकायला सोपी. पण ती बंदिस्त मैदानासाठी किंवा खासगी जमिनीसाठी विकली जाते आणि तिची आरटीओत नोंदणी होत नाही. आपण लिहिता की ती फक्त पांदणीतून, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेने चालवाल, डांबरी रस्त्यावर आणणार नाही. इथेच गफलत आहे. मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने ज्या वाटेवर लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे ती सार्वजनिक जागाच असते, मग तिच्यावर डांबर असो वा काळी माती. कापसाची बंडी आणि ट्रॅक्टर जिथून जातात त्या पांदणीवर नोंदणी आणि थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या हानीची भरपाई देणारा) नसलेली गाडी चालवणे बेकायदा आहे. दंड भरून सुटता येईल, पण वळणावर शेतातून परतणारी एखादी बाई आपल्या गाडीखाली जखमी झाली, तर न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई आपल्याला स्वतःच्या खिशातून द्यावी लागेल आणि तिला वरची मर्यादा नाही. आपली एसआयपी, ठेव, पुढे घ्यायचे घर, सगळेच त्या एका रविवारी पणाला लागते. मला या व्यवहारात सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

आता कर्जाचे पाहू. दीड लाख रुपये 15 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे 5,200 रुपये आणि एकूण व्याज सुमारे 37,000 रुपये होते. कायदा पाळायचा म्हटला तर ही गाडी दर वेळी छोट्या हत्तीत, म्हणजे लहान टेम्पोत चढवून एखाद्या खासगी जागेवर न्यावी लागेल. जाण्यायेण्याचे अडीच हजार धरले आणि महिन्यातून दोनदा गेलात, तरी हप्ता आणि वाहतूक मिळून 10,200 रुपये जातात. बारा हजारांतले उरलेले 1,800 पेट्रोल, ऑइल आणि टायरला पुरणार नाहीत. विक्रेता म्हणतो ती गाडी "फार चाललेली नाही". पण तिला किलोमीटर मोजणारे मीटरच नसल्याने हे पडताळण्याचा मार्ग आपल्याजवळ नाही. पुढे विकायची झाल्यास गिऱ्हाईकही असाच एखादा शौकीन शोधावा लागेल.

एक्सपल्स जड आहे, जवळपास 160 किलो, आणि चिखलात आडवी झाली की उचलताना दम काढते, हे मान्य. तरी पुढचे 21 इंची चाक आणि 220 मिलिमीटरची जमिनीपासूनची उंची आपल्या कामाला पुरेशी आहे, शिवाय तीच गाडी सोमवारी मिहानलाही नेता येते. नवीन दुचाकीला 1 सप्टेंबर 2018 पासून पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा असल्यामुळे 2022 च्या गाडीचा तो विमा 2027 पर्यंत असायला हवा. पॉलिसी मागून तारीख पाहा. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, आपल्याला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो, म्हणून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता नव्याने काढून घ्या.

गाडी पाहायला ओळखीचा मिस्त्री न्या आणि सकाळी थंड इंजिनावरच सुरू करायला सांगा. एअर फिल्टर उघडून बघा. त्याच्या आतल्या बाजूला माती दिसली तर इंजिनने धूळ खाल्लेली आहे, आणि तसे असेल तर किंमत कितीही उतरवली तरी ती गाडी सोडून द्यावी. रिम आऊट (वाकडी) असणे, फोर्कचे (पुढच्या शॉकअपचे) ऑइल सील गळणे, कोनसेट (हँडलचे बेअरिंग) अडकणे, चेन-स्प्रॉकेट झिजणे ही दुरुस्त होणारी दुखणी आहेत आणि त्यांचा खर्च किमतीतून वजा करून मागता येतो.

माझ्या हिशेबाने गाडी 1,05,000 पर्यंत यावी, नावावर करणे आणि विमा यांना 6,000, पहिल्या दुरुस्तीला 15,000 आणि हेल्मेट, बूट, गुडघ्याचे व छातीचे गार्ड, हातमोजे यांना 28,000 धरावेत, म्हणजे एकूण 1,54,000. ही रक्कम ठेवीतून काढू नये. 1,60,000 म्हणजे आपल्या घरखर्चाचे चार महिनेही होत नाहीत, आणि आपल्याकडे आरोग्य विमा फक्त कंपनीचा आहे, जो नोकरीसोबत जातो. महिन्याचे 12,000 बाजूला टाकले आणि आपण लिहिलेला 40,000 चा दिवाळी बोनस त्यात घातला, तर दहा महिन्यांत पैसे जमतात. तोवर ही नेमकी गाडी विकली जाईल, पण एक्सपल्स दुर्मीळ नाही. दरम्यान हेल्मेट आणि बूट आधी घ्या, आणि दोन-तीन रविवार भाड्याच्या गाडीवर कोंढाळीच्या बाजूला जाऊन या.

आपण ज्याबद्दल विचारले नाही ते एक सांगतो. कच्च्या वाटेवर गाडी घसरून खांद्याचे हाड मोडणे ही नेहमीची गोष्ट आहे. गाडीसोबतचा 15 लाखांचा सक्तीचा अपघात विमा मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी असतो, सहा आठवड्यांच्या प्लास्टरसाठी नाही. म्हणून तात्पुरत्या अपंगत्वात साप्ताहिक भरपाई देणारा वेगळा अपघात विमा घ्या, त्यात साहसी खेळांची अट काय आहे ते लेखी विचारा. आईवडील आपल्यावर अवलंबून असताना मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) नसेल, तर तो गाडीच्या आधी.

पेंच आणि उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात परवानगीशिवाय शिरू नका, तिथे गाडीच जप्त होऊ शकते.

व्यवहाराच्या दिवशी गाडीवर कर्जाचा बोजा आणि थकलेले ई-चलन नाही याची खात्री करा, गाडी नावावर करण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घ्या, आणि दहा-पंधरा हजार रुपये गाडी आपल्या नावावर होईपर्यंत आपल्याच हातात ठेवण्याची अट आधीच लेखी ठरवा. गाडीचा मालक बदलल्याचे विमा कंपनीला 14 दिवसांत कळवायचे आहे, तो अर्ज त्याच दिवशी भरून टाका.