अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या बाऊल गेममध्ये एकाच खेळाडूने अख्खी मॅच फिरवलेली बघितलीय का कोणी? आणि कॉलेजच्या टीमसाठी लोक एवढे वेडे का होतात?

बघितलीय, आणि अजून अंगावर काटा येतो. 4 जानेवारी 2006, रोझ बाऊल, टेक्सास विरुद्ध यूएससी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया. मी तेव्हा ऑस्टिनला एमएस करत होतो, टेक्सास युनिव्हर्सिटीतच. मॅच कॅलिफोर्नियात पासाडीनाला होती, आम्ही पाच-सहा जण अपार्टमेंटमध्ये टीव्हीसमोर. सुट्टी चालू होती, अमेरिकन मुलं बरीचशी घरी गेलेली, मागे राहिलेलो आम्हीच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, बाऊल गेम म्हणजे सीझन संपल्यावर डिसेंबर-जानेवारीत होणारी मोठी मॅच. रोझ बाऊल त्यातली सगळ्यात जुनी, पहिली 1902 साली झाली. त्या वर्षी तिच्यावरच राष्ट्रीय विजेतेपद ठरणार होतं. आणि नियम एवढाच लक्षात ठेवा की चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाही जमलं तर बॉल समोरच्याला. त्या प्रयत्नाला डाऊन म्हणतात. पुढचं सगळं ह्या चौथ्या डाऊनभोवतीच फिरतं.

यूएससी सलग 34 मॅच जिंकून आलेली. त्यांचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) मॅट लाइनार्टने 2004 ची हाइझमन जिंकलेली आणि रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) रेजी बुशने 2005 ची, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची ट्रॉफी मिळालेले दोघं एकाच टीममध्ये! आमचा क्वार्टरबॅक विन्स यंग त्या वर्षी बुशच्या मागे दुसरा आलेला. मॅचच्या आधी सगळीकडे बुश आणि लाइनार्टचंच चाललेलं, ते ऑस्टिनमध्ये प्रत्येकाला लागलेलं होतं, मलासुद्धा, आणि मला तिथे येऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं.

माझा मावसभाऊ तेव्हा यूएससीला होता, लॉस एंजेलिसमध्ये. दर टचडाऊनला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या टोकाच्या एंड झोनमध्ये नेला की सहा पॉइंट, त्याचा फोन यायचा. हाफटाइमला आम्ही 16-10 ने पुढे, तेव्हा मी केला. मग सेकंड हाफमध्ये त्यांनी बॉल हातात आला की टचडाऊन, आला की टचडाऊन असं चार वेळा लागोपाठ केलं. लेनडेल व्हाइट नावाचा त्यांचा दुसरा रनिंग बॅक, धिप्पाड, त्याने तीन टचडाऊन केले, 124 यार्ड पळाला, पण त्याचं नाव आज फार कोणी काढत नाही. 38-26 झालं, 6 मिनिटं 42 सेकंद राहिलेली, आणि भावाचा फोन आला तो मी उचललाच नाही.

त्यानंतर जे झालं ते विन्स यंग. सहा फूट पाच इंच उंची, पण पळताना घाई करतोय असं कधी वाटायचंच नाही, लांब लांब ढांगा टाकत जायचा आणि पकडायला आलेला माणूस हात लावेपर्यंत हा पुढे गेलेला असायचा. चार मिनिटं तीन सेकंद राहिलेली असताना त्याने स्वतः पळून टचडाऊन केला, 38-33.

आता इथे एक गोष्ट सांगतो जी लोक विसरतात. बॉल यूएससीकडे, सव्वादोन मिनिटांच्या आत उरलेली, चौथा डाऊन, दोन यार्ड हवेत. ते दोन यार्ड मिळाले की मॅच संपली. त्यांचा कोच पीट कॅरलने बॉल लाथेने लांब मारून आम्हाला द्यायच्या ऐवजी व्हाइटला दिला, आणि आमच्या डिफेन्सने, मायकल हफ सगळ्यात पुढे, त्याला दोन यार्डांच्या अलीकडेच अडवला. इंचांचा हिशोब होता. हा हफ नसता तर पुढचा यंग दिसलाच नसता, म्हणून कोणी 'एकट्याने जिंकवली' म्हटलं की मला ते अर्धंच खरं वाटतं. पहिल्या हाफमध्ये बुशने पळता पळता बॉल मागे फेकला आणि तो सुटला, तोसुद्धा हफनेच उचललेला.

मग यंगने बॉल पुढे नेत नेत एंड झोनपासून आठ यार्डांवर आणला. परत चौथा डाऊन, पाच यार्ड हवेत, 26 सेकंद. आमच्या खोलीत कोणी बोलत नव्हतं. त्याने पास टाकायला बघितलं, कोणी मोकळं दिसलं नाही, आणि तो उजवीकडे वळून पळाला, कोपऱ्यातल्या त्या नारिंगी खांबाच्या दिशेने, कोणाचा हातही लागला नाही. 19 सेकंद राहिली होती. टचडाऊननंतरच्या जादा प्रयत्नाचे दोन पॉइंटही त्यानेच पळून काढले. 41-38. पास करून 267 यार्ड, पळून 200 यार्ड, तीन टचडाऊन. टेक्सासला 1970 नंतर पहिल्यांदा राष्ट्रीय विजेतेपद.

फॅन्सचं विचारलंत ना. आम्ही चपला घालायला थांबलो नाही, खाली उतरून ग्वाडालूप स्ट्रीटकडे धावत सुटलो, तिथे आधीच माणसं, हॉर्न, तर्जनी आणि करंगळी वर केलेले हात, लाँगहॉर्न बैलाच्या शिंगांची खूण असते ती. युनिव्हर्सिटीचा टॉवर पूर्ण नारिंगी उजळलेला आणि खिडक्यांच्या दिव्यांनी काढलेला मोठा 1 आकडा. एक साठीचे गृहस्थ, ओळख ना पाळख, माझे दोन्ही खांदे धरून रडत होते. ते म्हणाले की मागचं विजेतेपद जिंकलं तेव्हा ते इथे शिकत होते. वेडे का होतात त्याचं उत्तर मला तिथे मिळालं. प्रोफेशनल टीमचे खेळाडू विकत आणलेले असतात, इथे मैदानात पळणारा मुलगा तुमच्याच कॅम्पसवर राहतो, तुम्ही ज्या बिल्डिंगमध्ये बसला होतात तिथेच त्याचे क्लास असतात. आपल्याकडे शाळेची टीम जिंकल्यावर गाव वेशीपर्यंत येतं तसंच, फक्त गाव ऑस्टिनएवढं.

भावाला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. दोन मिनिटं आम्ही घरचंच बोललो, मावशीची तब्येत वगैरे, मग तो हळूच म्हणाला, 'त्या चौथ्या डाऊनला बुश बाहेर का उभा होता रे?' खरंच होता, बाहेर साइडलाइनवर. यूएससीचे लोक अजून हाच प्रश्न विचारतात, इतकी वर्षं झाली तरी. पुढे बुशची हाइझमनही 2010 मध्ये गेली आणि 2024 मध्ये परत मिळाली, तेव्हा भावाने मला मेसेज केला होता, मलाही मनापासून बरं वाटलं, कारण त्या रात्री तोही काही कमी खेळला नव्हता.

बघायची असेल तर हायलाइट्स नका बघू, सगळं पटकन उरकतात. 38-26 पासून पुढचं सलग बघा, मधले टाइमआउट धरून.