भिंतीवरचा टीव्ही, लोंबत्या केबल आणि चार इंची भिंत

घरदुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दिवाणखान्याच्या भिंतीवर ५५ इंची टीव्ही बसवायचा आहे. भिंत चार इंची, विटांची असून तिच्या पलीकडे शयनगृह आहे. आमच्या सुतारांचे म्हणणे असे, की टीव्हीची वायर, एचडीएमआय (चित्र आणि आवाज नेणारी) आणि डिशची केबल झिरी मारून, म्हणजे भिंतीत खाच कोरून, प्लास्टरमध्ये बुजवून टाकावी, म्हणजे बाहेर काहीच दिसणार नाही. हे योग्य ठरेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : झिरी मारण्याला हरकत नाही, केबल थेट प्लास्टरखाली गाडण्याला आहे, आणि टीव्हीसोबत आलेली विजेची वायर भिंतीत घालण्याला तर सर्वांत जास्त आहे. ही लवचीक वायर डोळ्यांना दिसेल आणि हाताला लागेल अशा जागी वापरण्यासाठी बनवलेली असते. ती भिंतीतून न्यायची म्हटले की तिचा प्लग कापावा लागतो आणि पुन्हा जोड द्यावा लागतो. पुढे तो जोड सैल होऊन तापू लागला, तर गिलाव्याआड काय चालले आहे हे घरात कोणाला कळणारही नाही.

त्याऐवजी टीव्हीच्या मागेच अर्थिंगसह ६ अँपिअरचे नवे सॉकेट घ्यावे. जवळच्या स्विचबोर्डापासून तिथपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरच्या वायर पीव्हीसी पाइपातून आणाव्यात आणि त्या सॉकेटचे बटण खालच्या बोर्डावर ठेवावे, कारण टीव्ही चढल्यावर मागे हात पोहोचत नाही. हे काम सुताराचे नव्हे, परवानाधारक वायरमनचे आहे.

सॉकेटची जागा ठरवताना बहुतेकांची फसगत होते. सपाट ब्रॅकेटवर टीव्ही आणि भिंत यांत जेमतेम इंच-दीड इंच अंतर उरते. तीन पिनांचा प्लग आणि त्याच्यापुढे वळणारी वायर एवढ्यात मावत नाही. मग टीव्ही एका बाजूने पुढे आलेला राहतो किंवा प्लगवर कायमचा दाब येतो. आजकालचे बरेचसे टीव्ही वरच्या अर्ध्या भागात पातळ आणि खालच्या भागात फुगीर असतात, त्यामुळे सॉकेट फुगवट्यामागे न घेता वरच्या भागामागे, ब्रॅकेटच्या पत्र्याच्या बाजूला घेतल्यास पुरेशी मोकळीक मिळते. टीव्ही आधी आणून, त्याची मागची बाजू नीट पाहून मगच भिंतीवर खूण करावी. पलीकडच्या शयनगृहात नेमक्या त्याच ठिकाणी स्विचबोर्ड नाही ना, हेही तपासावे. चार इंची भिंतीत दोन पेट्या पाठीला पाठ लावून बसवल्या, तर त्यांच्यामध्ये भिंत जवळजवळ उरतच नाही.

आता एचडीएमआय आणि डिशच्या केबलविषयी. भिंतीत कायमची केबल नव्हे, तर केबल घालता-काढता येईल अशी वाट ठेवायची असते. एचडीएमआयच्या २०१३ सालच्या २.० आवृत्तीत सेकंदाला १८ गिगाबिट माहिती वाहून नेण्याची सोय होती, ती २०१७ च्या २.१ आवृत्तीत ४८ गिगाबिटवर गेली. जुन्या आवृत्तीपुरती केबल ज्यांनी प्लास्टरमध्ये गाडली, त्यांना नव्या क्षमतेचा पुरेपूर उपयोग करून घ्यायचा असल्यास भिंत फोडण्यावाचून मार्ग नाही.

ही वाट म्हणून एरवी मी ५० मिलिमीटरचा पाइप सुचवतो, पण आपल्या भिंतीत तो बसणार नाही. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी झिरी एक षष्ठांशापेक्षा खोल नसावी, असा बांधकामातला संकेत आहे. चार इंच म्हणजे सुमारे १०० मिलिमीटर. उभ्या झिरीला त्यातले ३३ मिलिमीटर मिळतात, आडव्या झिरीला जेमतेम १६. म्हणजे आडवी झिरी आपल्या भिंतीत मारूच नये, आणि उभ्या झिरीत २५ मिलिमीटरचा पाइप बसवता येईल. एचडीएमआयचे टोक मात्र साधारण २० मिलिमीटर रुंद असते आणि २५ च्या पाइपाची आतली पोकळी त्याहून किंचितच मोठी असते. सरळ पाइपातून ते कसेबसे जाईल, बेंडमधून जाणार नाही. टोक वेगळे करता येणाऱ्या केबल बाजारात मिळतात, पण त्या महाग असतात.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की आपल्या भिंतीत विजेपुरता २५ मिलिमीटरचा एकच उभा पाइप घ्यावा आणि बाकीच्या केबलसाठी सुतारांकडून टीव्हीमागे पॅनेल करून घ्यावे. भिंतीवर दीड इंच जाडीच्या लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवर प्लायवुड किंवा डब्ल्यूपीसीचा (लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाचा) तक्ता लावला, की मागे सलग पोकळी मिळते. तिच्यातून पाहिजे ती केबल पाहिजे तेव्हा बदलता येते आणि भिंतीलाही धक्का लागत नाही. एक काळजी मात्र आवर्जून घ्यावी. टीव्हीचे वजन पॅनेलवर येता कामा नये. ब्रॅकेट येईल तेवढ्या भागात पॅनेलमागे भरीव लाकूड घालून स्क्रू थेट भिंतीतल्या अँकरपर्यंत गेले पाहिजेत. सॉकेटच्या थेट वर, खाली किंवा आडव्या रेषेत ड्रिल चालवू नये, कारण पाइप बहुधा याच रेषांतून गेलेले असतात.

प्रश्न : आम्ही पुण्यात भाड्याच्या सदनिकेत राहतो. भिंती काँक्रीटच्या आहेत आणि घरमालकांनी तोडफोडीला मनाई केली आहे. टीव्हीखाली चार-पाच वायर लोंबतात. काय करता येईल? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या घरमालकांची मनाई योग्यच आहे. ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या, बांधकाम व्यवसायात मायवान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इमारतींत भिंतीच इमारतीचा भार पेलतात. त्यांत झिरी मारली तर लोखंडी सळई उघडी पडते, म्हणून स्वतःच्या मालकीच्या घरातही हे करू नये.

आधी वायरींची संख्या कमी करावी. साउंडबार असल्यास त्याला टीव्हीवरील ‘एआरसी’ असे लिहिलेल्या जोडणीतून एकाच एचडीएमआय केबलने आवाज देता येतो. टीव्हीतच ॲप असतील, तर निराळी स्ट्रीमिंग स्टिक लागत नाही. बहुतेक घरांत शेवटी विजेची एक आणि एचडीएमआयची एक किंवा दोन, एवढ्याच केबल उरतात.

या केबल केसिंग-कॅपिंगच्या, म्हणजे झाकण असलेल्या प्लास्टिकच्या, पट्टीतून उभ्या रेषेत खाली आणाव्यात आणि पट्टीला भिंतीचाच रंग द्यावा. पट्टी उघडता येत असल्यामुळे टीव्हीची लवचीक वायर त्यात चालते, मात्र ती अखंड असावी. पट्टीत दोन कप्पे असल्यास वीज एका कप्प्यात आणि बाकी केबल दुसऱ्यात ठेवाव्यात. नुसत्या चिकटपट्टीवर विसंबू नये. पावसाळ्यात दमट हवेने ती सुटते आणि सुटताना पुट्टीचा पापुद्रा घेऊन येते. घरमालकांना विचारून वर, मध्ये आणि खाली एकेक लहान स्क्रू घेतल्यास घर सोडताना तेवढीच भोके बुजवावी लागतील. उरलेल्या वायरीची गुंडाळी आवळून बांधून टीव्हीमागे कोंबू नये, आणि एक्स्टेन्शन बोर्डही तिथे लटकवू नये.

प्रश्न : केबल दिसू नयेत म्हणून सेट-टॉप बॉक्स टीव्हीखालच्या कपाटात ठेवला, पण दार लावले की रिमोट चालत नाही आणि बॉक्सही फार तापतो. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : साध्या रिमोटचा इशारा अवरक्त प्रकाशाचा असतो आणि तो लाकडातून जात नाही. बाहेर चिकटवायचा इशारा टिपणारा छोटा ग्राहक (रिसीव्हर) आणि आत बॉक्ससमोर लावायचा प्रक्षेपक असा आयआर एक्स्टेंडरचा जोड मिळतो. त्याची बारीक वायर दाराच्या फटीतून सहज जाते. उष्णतेसाठी कपाटाची पाठ कापून मोकळी करावी किंवा दाराला जाळी बसवावी, आणि बॉक्सवर दुसरे उपकरण ठेवू नये.

आपण कोकणात राहता, म्हणून आणखी दोन गोष्टी सांगतो. डिशची केबल भिंतीच्या भोकातून आत घेण्यापूर्वी बाहेर तिला भोकाच्या खाली उतरणारा झोळ द्यावा, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल आणि आत शिरणार नाही. भोकही बाहेरच्या बाजूला किंचित उतरते असावे. कपाटात उघडणाऱ्या पाइपांची तोंडे फोमच्या तुकड्याने बंद करावीत, कारण त्या उबदार जागेत झुरळे आणि मुंग्या हटकून वस्ती करतात.