कंट्रोल की कमांड?

प्रश्न : दादा, मी इंदूरची. राजवाड्याजवळच्या कापड दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवते. काउंटरवर विंडोज, शेठजींच्या मुलाकडे मॅक, माझ्याकडे लिनक्स. शॉर्टकट सगळीकडे सेम ठेवू का?

उत्तर : ताई, बटण सेम नको, बोटांची सवय सेम ठेवा. विंडोज-लिनक्सवर जिथे कंट्रोल तिथे मॅकवर कमांड, अक्षर तेच, निम्मं काम इथेच झालं. पण सरसकट अदलाबदल करू नका, कारण रीडू (म्हणजे मागे घेतलेली गोष्ट पुन्हा करणं) विंडोजवर कंट्रोल-वाय असतं आणि मॅकवर कमांड-शिफ्ट-झेड, आणि मॅकवर कमांड-एच दाबलं की अख्खं अ‍ॅपच लपतं, तिथे 'हिशोब' ठेवलात तर झालंच कल्याण.

खरी गोची कंट्रोल-ऑल्टची. विंडोज ते दोन्ही मिळून ऑल्ट-जीआर, म्हणजे बटणावरचं जादा चिन्ह उमटवणारी की, समजतं, आणि इंग्लिश इंडिया कीबोर्डवर कंट्रोल-ऑल्ट-४ म्हणजे ₹, आता त्यावर तुम्ही 'बिल रद्द' ठेवलंत तर मुनीमजी रुपयाचं चिन्ह टाकायला जाणार आणि बिलच गायब! तो जोड सोडूनच द्या. आणि मेनूत त्या-त्या मशीनचाच शॉर्टकट दाखवा, मॅकवर कंट्रोल लिहिलेलं बघून माझं तर डोकंच फिरतं.