पिक्चरची गाणी असताना हे इंडी रॉक कशाला ऐकायचं?

विचारलंय की हिंदी-मराठी पिक्चरमधी एवढी भारी गाणी असताना लोक हे इंडी रॉक (म्हणजे पिक्चरबाहेर बँडवाले स्वतःच्या मनानं करतेत ती गाणी) कशाला ऐकतेत, खरंच आवडतं का नुसती शायनिंग, आणि ऐकायचंच ठरवलं तर सुरुवात कुठून करावी. तर भाऊ, शायनिंगवाले आहेतच, बँडचं नाव छापलेला टी-शर्ट घालून फिरणाऱ्या पोराला त्याच बँडची तीन गाणी विचारा, लगेच विषय बदलतो. पण असले तर क्रिकेटची जर्सी घालणाऱ्यात बी असतेत, ते सोडा. मला आवडतं म्हणून मी ऐकतो आणि पिक्चरचा बी मी तेवढाच येडा आहे, त्यामुळं दोघांत भांडण लावणारं उत्तर पाहिजे असल तर खाली दुसरे लोक लिहितील.

मी परभणीचा, सध्या वाळूजला कंपनीत. कंपनीच्या बसमधी ड्रायव्हर मामा नव्वदच्या टायमाची गाणी लावतेत, कुमार सानू, उदित नारायण, अलका याज्ञिक, आणि पहिल्या शिफ्टला अर्धी बस झोपलेली असती अन् अर्धी बस ओठ हलवायलेली असती. मला ती सगळी पाठ आहेत. पण त्यातलं कोणतंबी गाणं लागलं की डोळ्यासमोर शाहरुख येतो, काजोल येती, कोणाचं तरी स्वेटर येतं, मी काय येत नाही. पिक्चरच्या गाण्यात सीट आधीच रिझर्व असती, हिरो-हिरोईन बसलेले असतेत, आपण दांडीला धरून ऐकायचं. बँडचं गाणं म्हणजे जनरल डबा, ज्यानं रुमाल टाकला त्याची जागा. द लोकल ट्रेन नावाचा एक बँड आहे, चंदीगडला सुरू झालेला, २०१५ ला त्यांचा 'आलस का पेड़' अल्बम आला, त्यातलं 'छू लो' मी नाइट शिफ्ट करून आल्यावर पहिल्यांदा ऐकलं तर कोणाचाच चेहरा आला नाही, आमच्या हॉस्टेलची गच्ची आली आणि ज्याच्याशी बोलणं बंद झालंय तो एक दोस्त आला. एवढंच कारण आहे खरं तर, बाकीचं सगळं त्याच्यावर लावलेलं लोणी.

आता तुम्ही म्हणताल मग 'मसान' मधलं 'तू किसी रेल सी' का? तेबी पिक्चरचंच गाणं आहे आणि तेबी पोटात जातं. बरोबर, पण ते संगीत कोणी केलंय बघा. इंडियन ओशननं. बँडवाल्यांनीच. दुष्यंत कुमारच्या ओळीवरून वरुण ग्रोव्हरनं गाणं उभं केलं, स्वानंद किरकिरेनं गायलं, आणि २०१५ सालच्या हिंदी पिक्चरमधी असं शांत, कुठंच घाई नसलेलं गाणं बसलं, ते ह्या लोकांना घाई करायची सवयच नव्हती म्हणून.

इंडियन ओशनवर मी जरा जास्त लिहिणारय, वाचायचा कंटाळा आला तर पुढच्या पॅऱ्यावर उडी मारा. दिल्लीचा बँड, 'कंदिसा' २००० ला आला. त्यातलं नावाचं गाणं म्हणजे केरळातल्या सीरियन ख्रिश्चन लोकांची जुनी अरामी भाषेतली प्रार्थना. आमच्या रूमवर एकालाबी त्यातला एक शब्द कळत नव्हता, तरी ते भांडी घासताना चालू, अभ्यास करताना चालू, लाइट गेल्यावर मोबाईलवर चालू. असीम चक्रवर्ती मांडी घालून बसायचा, तबला वाजवता वाजवता गायचा, आणि रॉक म्हणजे उभं राहून केस उडवायचे ही जी आपल्या डोक्यात कल्पना असती ना ती तिथंच संपती. २००९ च्या डिसेंबरमधी तो गेला. राहुल राम, जो बास वाजवतो आणि गातो, तो नर्मदा बचाव आंदोलनात काम करून आलेला माणूस, 'मा रेवा' हे त्यांचं गाणं त्या खोऱ्यातल्या लोकगीतावरचं आहे, म्हणून ते ऐकताना नदीवर कोणी कविता केल्यासारखं वाटत नाही, तिथं राहिलेल्या माणसानं म्हटल्यासारखं वाटतं. आणि 'बंदे'. 'ब्लॅक फ्रायडे' पिक्चर १९९३ च्या मुंबई स्फोटांवरचा, २००४ ला तयार झाला, खटल्याचा निकाल लागायचा होता म्हणून कोर्टात अडकला आणि २००७ ला थेटरात आला. त्यातलं हे गाणं पीयूष मिश्रानं लिहिलेलं, आणि ते पिक्चरच्या आधारावर उभंच नाही, पिक्चर काढून घ्या तरी ते तसंच राहतं. पिक्चरची किती गाणी ह्या परीक्षेला बसतील सांगा.

इंडी म्हणजे काय तर साधं आहे, गाणं कसं करायचं ते ठरवताना डोक्यावर पैसेवाला बसलेला नसतो. पिक्चरमधी डायरेक्टर सिच्युएशन सांगतो, प्रोड्यूसर म्हणतो एक नाचायचं टाका, हिरो म्हणतो माझी एंट्री कुठंय. बँडला हे कोणी म्हणत नाही. त्याचा तोटा बी आहे बरंका, कोणी 'बास कर' म्हणायलाच नसल्यामुळं दहा दहा मिनिटं एकच कॉर्ड वाजवून त्याला एक्सपेरिमेंटल म्हणणारे महाभाग पैशाला पासरी आहेत. आणि मुंबई-दिल्लीचे काही बँड इंग्लिशमधी असं गातेत की जसं काही ते कॅलिफोर्नियात शेती करायलेत. ते मला झेपत नाही.

ह्याच्या उलटं बघायचं असल तर आर्क्टिक मंकीज. इंग्लंडमधलं शेफिल्ड, स्टीलचं गाव (जालनेकरांनी नोंद घ्यावी). ही पोरं सुरुवातीला आपल्या शोला सीड्या फुकट वाटायची, ऐकणाऱ्यांनीच त्या इंटरनेटवर टाकल्या, आणि २००६ ला पहिला अल्बम आला तेव्हा एखाद्या बँडचा सगळ्यात वेगानं विकला गेलेला पहिला अल्बम म्हणून ब्रिटनमधी त्याचा रेकॉर्ड झाला. त्यात तो अलेक्स टर्नर काय गातो तर क्लबच्या दारावरचा आडवा माणूस, रात्री टॅक्सीची लाइन, पोलीस गाडी. आणि गातो कसा तर आपल्या गावच्या बोलीत, लंडनवाल्यांसारखं घासूनपुसून नाही. मला सुरुवातीला काहीच कळत नव्हतं, लिरिक्स समोर घेऊन ऐकायचो, पण एक कळायलं की हा माणूस लाजत नाही.

आता हे मला एवढं का लागलं, तर आपल्या मराठी पिक्चरमधी आपली बोली कोणाच्या तोंडी असती आठवून बघा. नोकर, नाहीतर आमदाराचा चेला, नाहीतर हसवायला आणलेला मामा. हिरोईनशी प्रेम करणारा 'मी येऊलालो' म्हणत नाही, त्याला प्रमाण मराठी देतेत. परभणीत थेटरात आपणच बसून आपल्याच बोलीवर हसतो, तिकीट काढून. म्हणून 'सैराट' आला २०१६ ला तेव्हा मला ते करमाळ्याकडचं बोलणं तसंच्या तसं ऐकून, आपलं नसलं तरी, लई बरं वाटलं होतं. त्याच्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा अजय-अतुलनं लॉस एंजेलिसला जाऊन रेकॉर्ड केला हे सगळ्यांना माहितीय, पण माझं म्हणणं वेगळंय. सगळी गाणी पहिल्या अर्ध्यात देऊन टाकली, दुसऱ्या अर्ध्यात एकबी नाही आणि शेवटी तर आवाजच बंद केला. लोक 'झिंगाट' परत लागायची वाट बघायलेत आणि नागराज मंजुळे ते देत नाही! पैसा लावणाऱ्याच्या समोर बसून असं करायला हिंमत लागती. मला कोणी विचारलं की मराठीतलं सगळ्यात रॉक काम कोणतं तर मी हे सांगतो, गिटार नसली तरी.

आणि गिटारवाल्या पिक्चरबद्दल तर विचारूच नका. 'रॉक ऑन' २००८ चा, मी मनापासून बघितलेला, आजबी टीव्हीवर लागला की रिमोट खाली ठेवतो, फरहान अख्तरचा आवाज घासल्यासारखा आहे म्हणूनच तो चालतो. पण त्या पिक्चरनं एक फॉर्म्युला देऊन ठेवला, बँड तुटणार, सगळे कोट-टाय घालून दुःखी होणार, मग पाऊस, मग परत स्टेज. मग २०११ ला 'रॉकस्टार'. गाणी रहमानची, आवाज मोहित चौहानचा जो स्वतः सिल्क रूट बँडमधून आलेला, 'साड्डा हक' मधली गिटार ऑरिएंथी ह्या ऑस्ट्रेलियन गिटारवालीची, म्हणजे माल सगळा अस्सल. पण गोष्ट काय सांगती, तर कँटीनवाला खटाना म्हणतो दिल तुटल्याशिवाय संगीत येत नाही, आणि हिरो, हे येडं, खरंच दिल तोडून घ्यायला निघतं. अरे कशाला! मी जेवढी पोरं बँड करताना बघितली त्यांच्या बँडचे वांधे झाले ते प्रॅक्टिसला जागा नाही म्हणून, शेजारी ओरडतेत म्हणून, ड्रमरला पुण्याला नोकरी लागली म्हणून. दिल तर सगळ्यांचंच तुटलेलं होतं, त्यानं कोणाचं गाणं सुधरलं नाही.

ह्यात मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते 'बँजो' चं. २०१६, रवी जाधवचा हिंदी पिक्चर, हिरो आपला लातूरचा रितेश देशमुख. विषय एक नंबर. पण बँजो वाजवणारं पोरगं भारी वाजवतं हे सांगायला न्यूयॉर्कहून नर्गिस फाखरी यावी लागती. गल्लीतल्यांना ऐकू येत नव्हतं का इतके दिवस? आमच्याकडं गणपतीत, भीमजयंतीला, वरातीत बँजो पार्टी असती, टेम्पोवर जनरेटर, एक कॅसिओ, एक ऑक्टोपॅड, ड्रम, आणि मधोमध तो बटणं दाबून तारा छेडायचा बँजो, त्याला पिकअप लावून असा काही कर्ण्यात सोडलेला असतो की पत्रे वाजतेत. ह्या लोकांना कोणती कंपनी नाही, मॅनेजर नाही, वाद्यं स्वतःची, बुकिंग स्वतः घ्यायचं, दुरुस्ती बी स्वतःच करायची. मग इंडी अजून काय असतं? फक्त ते दुसऱ्यांची गाणी वाजवतेत, पिक्चरची नाहीतर भीमगीतं, कारण लोक तेच मागतेत आणि सुपारी घेतलीय म्हटल्यावर वाजवावं लागतं. ज्या दिवशी त्यातला एखादा स्वतःची धून धरून बसल आणि वर आपल्या भाषेत कोणी गाईल तेव्हा मी सगळ्यात पुढं उभा असेन, कानात कापूस घालून.

हे होऊ शकतं ह्याचा पुरावा बी पिक्चरमधीच आहे. 'देव डी', २००९. 'इमोसनल अत्याचार' त्यात दोन वेळा आहे, एकदा रॉक करून आणि एकदा लग्नातल्या ब्रास बँडवर, आणि गंमत म्हणजे ब्रास बँडवालं जास्त खतरनाक आहे. अमित त्रिवेदीला ह्या पिक्चरसाठी नॅशनल अवॉर्ड मिळालं. मला तर वाटतं हिंदी पिक्चरनं रॉकची नक्कल करणं तिथं थांबवलं आणि आपल्या वरातीतूनच ते काढलं. नंतर परत विसरले ही गोष्ट वेगळी.

लाइव्ह ऐकायचं म्हणताल तर आपल्याकडं दुष्काळच आहे. संभाजीनगरला पिक्चरवाल्यांसाठी अजिंठा-वेरूळ फिल्म फेस्टिव्हल तरी होतो, बँडसाठी कॉलेजचं गॅदरिंग नाहीतर एखादा कॅफे. बाकी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुणं गाठा. एनएच सेव्हन वीकेंडर हा बँडवाल्यांचा म्युझिक फेस्टिव्हल २०१० ला तिथंच सुरू झाला होता, आमच्या भागातून पोरं जायची आणि परत येऊन महिनाभर डोकं खायची.

सुरुवात कुठून, तर हिंदी कळतं म्हणून लोकल ट्रेन, मग 'कंदिसा' अख्खा, मधली गाणी न गाळता. प्रतीक कुहाड बी ऐका, ओबामानं २०१९ च्या आपल्या आवडत्या गाण्यांत त्याचं 'कोल्ड मेस' टाकलं होतं म्हणून लोक ऐकायले, पण मला तो हिंदीतच जास्त खरा वाटतो. मल्याळममधी अवियल नावाचा बँड आहे, २००८ चा अल्बम, भाषेचा काही संबंध नसताना अंगात येतं. घरात भजन चालत असल तर अभंग रिपोस्ट हा गिटारवर अभंग गाणारा बँड लावा, आमच्या बाबांनी अर्धं गाणं ऐकून 'तुकोबाच्या हातात गिटार कामून दिली' म्हणून विचारलं आणि पूर्ण होईपर्यंत उठले मात्र नाहीत. आर्क्टिक मंकीज सगळ्यात शेवटी, लिरिक्स समोर घेऊन.

आणि एक, मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यावर बास गिटार ऐकूच येत नाही, मग इथंच येऊन म्हणताल की ह्यात तर काहीच नव्हतं. साधा वायरचा इअरफोन बी चालतो.