व्हीएम हिरवे, सर्व्हर आडवा

प्रश्न : सर, लातूरला आमची डाळमिल आहे. ऑफिसात एकच सर्व्हर, त्याच्यावर ईएसएक्सआय सॉफ्टवेअर टाकून पाच व्हीएम, म्हणजे आभासी सर्व्हर, केलेत, टॅली, बिलिंग, वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सगळं त्यातच. मॉनिटरिंगपण लावलेलं, मोबाईलवर सगळं हिरवं दिसायचं. तरी ऐन तुरीच्या सीझनला एका सकाळी सर्व्हर बंद. इंजिनिअर म्हणे रेड ५ मधल्या, म्हणजे एकत्र जोडून चालवलेल्या डिस्कमधल्या, दोन डिस्क गेल्यात आणि त्यातली एक तर कधीचीच गेली होती. काट्यावर गाड्या उभ्या अन् आम्ही हातानं पावत्या लिहायलो. हे आधी कळायला काय करावं? – एक वाचक, लातूर

उत्तर : भाऊ, तुम्ही पिंग, म्हणजे मशीन नेटवर्कवर उत्तर देतंय का, आणि व्हीएमचा सीपीयू बघत होतात, पण व्हीएमला खरी डिस्क दिसतच नाही, तिला हायपरव्हायझर, म्हणजे तुमचं ईएसएक्सआय, एक आभासी डिस्क दाखवतो. खाली एक डिस्क मेली तरी तिला पत्ता नसतो. रेड ५ एक डिस्क जाईपर्यंत सांभाळून घेतं, म्हणून पहिली गेली तेव्हा काम थांबलं नाही आणि कुणाचं लक्षही गेलं नाही. दुसरी गेली की खेळ खलास. माझ्या एका गिऱ्हाइकाकडं तर सर्व्हरच्या तोंडासमोर डाळीच्या सॅम्पलच्या पिशव्या रचलेल्या, त्या उचलल्या तर मागं केशरी लाइट लुकलुकायला, कधीपासून ते कुणालाच सांगता येईना.

तर विचारायचं ते सर्व्हरच्या बीएमसीला. मदरबोर्डवर ही वेगळी छोटी चिप असते, डेलमध्ये तिला आयड्रॅक म्हणतात, एचपीत आयलो. सर्व्हर बंद असला तरी वायर लावलेली असेल तर ती जागीच असते. पंखे, पॉवर सप्लाय, टेंपरेचर, मेमरीच्या एरर, आणि बहुतेक ब्रँडेड सर्व्हरवर रेड आणि डिस्कची हालतपण तिच्याकडं मिळते. सर्व्हरच्या मागं तिचा वेगळा लॅन पोर्ट असतो, तुमच्याकडं बहुतेक तो रिकामाच असणार, त्यात केबल टाका आणि आयपी द्या. मग झॅबिक्स हे मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात आयड्रॅक आणि आयलोचे टेम्प्लेट तयार मिळतात, एसएनएमपीवर, म्हणजे नेटवर्कवरून मशीनची हालत विचारायच्या पद्धतीवर, चालतात. एसएनएमपी जमत असेल तर व्हर्जन ३ घ्या, जुन्यात पासवर्डसारखी कम्युनिटी स्ट्रिंग नेटवर्कवर उघडीच फिरते.

ईएसएक्सआयलाच सिम (सीआयएम) या सर्व्हिसवरून, म्हणजे पोर्ट ५९८९ वरून, हार्डवेअरची हालत विचारायची पद्धत जुनी आहे आणि नागिऑस या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरवाले अजून वापरतात. पण ईएसएक्सआय ६.५ पासून ती सर्व्हिस मुळात बंदच येते, चालू करावी लागते, आणि ८ मध्ये व्हीएमवेअरनं सिम निवृत्तीच्या यादीत टाकलंय. नव्यानं बसवताय तर त्या नादी लागू नका, बीएमसीला रेडफिश या नव्या पद्धतीनं किंवा एसएनएमपीनं विचारा.

रेडच्या डिस्क चालवणाऱ्या कार्डच्या बॅटरीवरपण अलर्ट लावा. ती गेली की कार्ड राइट-बॅक (आधी स्वतःच्या मेमरीत, मग डिस्कवर) सोडून राइट-थ्रूवर (थेट डिस्कवर) येतं, डाटा सेफ ऱ्हातो पण लिहिणं एकदम स्लो होतं, आणि मग लोक टॅलीला शिव्या देत बसतात.

बीएमसी इंटरनेटवर उघडी ठेवायची नाही म्हणजे नाही. आयपीएमआय २.० मध्ये, म्हणजे बीएमसीशी बोलायच्या जुन्या पद्धतीत, लॉगिन न करताच पासवर्डचा हॅश (त्याचं गुंतवलेलं रूप) मागून घेता येतो, हे २०१३ पासून जगजाहीर आहे. वेगळा व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा वेगळा कप्पा, करा, आयपीएमआयचा पोर्ट ६२३ बाहेरून बंद ठेवा, कंपनीनं दिलेला पासवर्ड पहिल्या दिवशीच बदला.

अजून एक, झॅबिक्स त्याच सर्व्हरवरची सहावी व्हीएम म्हणून टाकू नका, हे करणारे मी लई बघितलेत. ऑफिसातला एखादा जुना पीसी बास होतो. त्या पीसीला, स्विचला आणि ब्रॉडबँडच्या राउटरला यूपीएसवर घ्या, नाहीतर लाइट गेली की अलर्ट ऑफिसातच अडकतो. सगळं झालं की, दोन पॉवर सप्लाय असतील तर आधी दुसरा धड चालू आहे ना ते बघून एकाची वायर स्वतः उपसा आणि घड्याळ लावून मोबाईल हातात घेऊन बसा. पाच मिनिटांत मेसेज आला नाही तर मॉनिटरिंग लागलेलंच नाही असं धरा. आणि मेसेज एकट्या तुमच्या नंबरवर नको, काट्यावरच्या पोराच्या नंबरवरपण जाऊ द्या, तुम्ही लग्नाला गेलेले असता.

प्रश्न : परभणीत मे महिन्यात आमच्या सर्व्हर रूमचा एसी लोड घेत नाही. टेंपरेचरचा अलर्ट कितीवर लावू? – एक वाचक, परभणी

उत्तर : सीपीयूचं नको, इनलेटचं टेंपरेचर धरा, म्हणजे समोरून आत शिरणारी हवा. ॲश्रे या एसी-कूलिंगवाल्या अमेरिकन संस्थेची शिफारस १८ ते २७ डिग्रीची आहे, आपल्याकडं मेमध्ये ३० ला वॉर्निंग आणि ३५ ला बोंबाबोंब असं ठेवा. पंख्याचा आरपीएमपण बघत जा. इनलेट तेवढंच, काम तेवढंच आणि पंखे मात्र पळायलेत, तर आत धूळ बसलीय. सर्व्हर बंद करून ब्लोअर मारा, पंख्याला बोटानं धरून.