मांडी, पाठ आणि पिलाटेस : वाचकांचे प्रश्न

गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, दागिने घडवायचं काम करतो. दहा-दहा तास मांडी घालून वाकून बसावं लागतं. वय ४४. संध्याकाळी उठताना कंबर धरलेली असते. पिलाटेस नावाच्या व्यायामानं फरक पडतो म्हणतात. घरच्या घरी जमेल का?

जमेल, पण आधी बैठक सुधारूया. दहा तासांचं वाकणं वीस मिनिटांच्या व्यायामानं भरून निघत नाही. मांडी घातल्यावर गुडघे कंबरेपेक्षा वर राहत असतील तर ओटीपोट मागे कलंडतं, कंबरेची नैसर्गिक कमान जाते आणि सगळा भार मणक्यांमधल्या चकत्यांवर येतो. बुडाखाली तीन-चार इंच उंचीची घट्ट घडी घ्या, वाकळेची चालेल. गुडघे खाली गेले की पाठ आपोआप सरळ होते. कामाचा पाटही तेवढाच उंच करा, नाहीतर मान वाकेल. पुढे घ्यायचा पाय तासातासानं बदला आणि अर्ध्या-पाऊण तासानं दोन मिनिटं उभे राहा.

आता व्यायाम. जाड सतरंजीवर उताणे झोपा, गुडघे उभे, पावलं नितंबांएवढ्या अंतरावर. बेंबीच्या खालच्या बाजूला, पोटावर एक रिकामी वाटी ठेवा. ओटीपोट पुढे-मागे हलवून पाहा आणि वाटी सपाट राहील त्या जागी थांबा. कंबरेखाली तळहात सरकेल एवढी फट राहायला हवी. पिलाटेसमधलं जवळजवळ सगळं इथून सुरू होतं, म्हणून पहिला आठवडा एवढंच केलंत तरी चालेल.

नाकानं श्वास घेताना बरगड्या बाजूंना आणि पाठीकडे फुलू द्या, खांदे उचलू नका. तोंडानं सावकाश सोडताना लघवी रोखल्यासारखा ओटीपोटाचा तळ हलकेच वर घ्या आणि खालचं पोट आत. जोर चार आणेच लावायचा. पोट दगडासारखं आवळलं की श्वास अडकतो आणि कंबर आणखी ताठरते. नव्या माणसाची हीच चूक सर्वांत जास्त होते. असे दहा श्वास.

मग पूल. श्वास सोडत आधी शेपटीचं हाड, मग एकेक मणका सुटा करत कंबर उचला. वर श्वास घ्या, सोडत पाठीकडून एकेक मणका टेकवत खाली या. सहा ते आठ वेळा. मांडीच्या मागे गोळा येत असेल तर टाचा फार लांब आहेत. हात बाजूला सोडल्यावर बोटं टाचांच्या जवळ पोचतील इतक्या आत घ्या. वर गेल्यावर कंबरेत चमकत असेल तर बरगड्या आभाळाकडे ढकलल्या जात आहेत. थोडं खाली थांबा.

शेवटी दोन्ही पाय खुर्चीवर ठेवल्यासारखे हवेत धरा आणि श्वास सोडत एकेक पाऊल जमिनीला टेकवा, प्रत्येक बाजूला पाच वेळा. पाय खाली जाताना कंबर उचलली गेली तर पाय अर्ध्यावरच थांबवा. उचलली जाते म्हणजे पोटानं हात टेकले आणि काम पाठीनं उचललं.

हे उठल्या उठल्या करू नका. रात्रभरात चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या तासात वाकणं टाळलेलं बरं. पायात मुंग्या किंवा बधिरपणा असेल, रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तालमीत रोज जोर-बैठका मारतो. पिलाटेस बायकांचा व्यायाम आहे, असं पोरं म्हणतात. मला त्याचा काय उपयोग?

ही पद्धत बसवणारे जोसेफ पिलाटेस १८८३ साली जर्मनीत जन्मले. ते स्वतः जिम्नॅस्टिक्स आणि बॉक्सिंग करायचे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आपल्या व्यायामाला आकार दिला आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये तो शिकवला. त्यांचा स्वतःचा शब्द होता ‘कंट्रोलॉजी’, म्हणजे शरीरावरच्या ताब्याची विद्या. बायकांसाठी म्हणून ती बेतलेली नाही.

जोर-बैठकांनी खांदे, छाती, मांड्या तयार होतात, पण त्यात वेग असतो आणि वेगात कच्चे दुवे झाकले जातात. धोबीपछाड मारताना धड फिरवावं लागतं. त्यासाठी ‘सॉ’ करून पाहा. पाय फाकवून ताठ बसा, हात बाजूंना पसरा, श्वास घेत धड फिरवा, सोडत करंगळी विरुद्ध पायाच्या करंगळीपलीकडे न्या. दोन्हीकडे चार-चार. मागचं बूड उचललं जात असेल तर फिरणं कंबरेतून चाललंय, छातीतून नाही. मांडीच्या मागच्या शिरा आखडल्या असतील तर घडीवर बसा.

‘हंड्रेड’ही घ्या: उताणे, डोकं वर, हात खाली-वर हलवत पाच ठोक्यांत श्वास घेणं, पाच ठोक्यांत सोडणं, असं दहा वेळा. मान दुखली तर हनुवटी आणि छातीमध्ये लिंबाएवढी फट ठेवा, नजर मांड्यांकडे. तरी दुखली तर डोकं सरळ टेकवा. पोटाचं काम सुरूच राहतं. जोरांच्या आधी दहा मिनिटं पुरेत.

सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. तपासणीत हाडं ठिसूळ निघाली. त्यांना हे करू द्यावं का?

निवडून. पोटावर घडी घालून उठणं, चेंडूसारखं लोळणं, वाकून पिळणं यातलं काही नको. पुढे वाकताना मणक्याच्या पुढच्या बाजूवर भार येतो आणि ठिसूळ मणका तिथेच दबतो. त्याऐवजी खुर्चीतून हात न टेकता उठ-बस आठ वेळा, ओटा धरून टाचा उचलणं दहा वेळा, आणि पालथं झोपून कपाळ तळहातांवरून बोटभर वर उचलणं पाच वेळा. बादली उचलताना कंबरेतून न वाकता बूड मागे नेऊन गुडघे वाकवायला शिकवा. दिवसात सर्वांत जास्त वेळा करायचा व्यायाम तोच आहे. सुरुवात डॉक्टरांना विचारून.

मिसळ खाऊन लगेच केलं तर?

दोन तास थांबा. भरल्या पोटावर छाती-पोटामधल्या श्वासाच्या पडद्याला खाली उतरायला जागा मिळत नाही आणि छातीत जळजळतं.

रंकाळ्यावर रोज पाऊण तास चालते. मग वेगळं काही हवं का?

हवं. चालण्यानं हृदय आणि पाय चांगले राहतात, पण हात डोक्यावर जात नाहीत, पाठ मागे वळत नाही. आठवड्यात दोन दिवस पंधरा मिनिटं पूल आणि सॉ यांना द्या. आणि चालताना मोबाईल हातात धरू नका. धरलेला हात झुलत नाही आणि पाठीच्या कण्याला प्रत्येक पावलागणिक मिळणारा हलका पीळ कमी होतो. फोन कमरेच्या पिशवीत टाका, दोन्ही हात मोकळे सोडा.